डागडुजी करील त्याची जागा

यरुशलेमच्या जुन्या कोटातलं पवित्र कबरीचं चर्च. येशूला इथंच वधस्तंभावर दिलं आणि इथंच पुरलं, अशी श्रद्धा आहे. आता दाराच्या वर बघा. उजव्या खिडकीखाली सज्ज्यावर एक बुटकी लाकडी शिडी उभी आहे. 1728 सालच्या चित्रातही ती याच जागी दिसते. तिचं काम कधीच संपलं, पण ती हलवायची तर सगळ्या पंथांची संमती लागते.

चर्चमध्ये पंथ सहा. ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक आणि अर्मेनियन हे मोठे वाटेकरी. कॉप्टिक, इथिओपियन आणि सिरियन लहान. कुणाचं काय, यावर शतकानुशतकं मारामाऱ्या झाल्या. तेव्हा शहरावर राज्य करणाऱ्या उस्मानी (तुर्की) सुलतानांनी 1757 आणि 1852 मध्ये फर्मानं काढली, त्यांचा अर्थ एवढाच : जैसे थे. 1878 च्या बर्लिन तहानं त्यावर युरोपची मोहोर उठवली.

या ‘जैसे थे’ची खरी मेख मालकीच्या कागदात नाही, डागडुजीत आहे. ज्यानं छत दुरुस्त केलं, जागा त्याची. दिवा टांगला, तसबीर लावली, तरी तोच अर्थ. त्यामुळे केरसुणीसुद्धा जपून फिरवावी लागते. 1901 मध्ये भांडण पेटलं ते अंगणातल्या एका जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवरून. फ्रान्सिस्कन (रोमन कॅथलिक साधू) म्हणत, जिना आमचा, म्हणून पायरी आम्ही झाडणार. ग्रीक म्हणत, ही पायरी कसली, हे तर अंगणच, आणि अंगण आम्ही झाडतो. 2002 मध्ये गच्चीवर एका कॉप्टिक साधूनं उन्हातली खुर्ची सावलीत सरकवली. इथिओपियनांना ते अतिक्रमण वाटलं, आणि अकरा जण जखमी झाले.

याची किंमत इमारत मोजते. 1927 च्या भूकंपानं कबरीवरची छोटी वास्तू खिळखिळी झाली. 1947 मध्ये ब्रिटिशांनी तिला बाहेरून लोखंडी तुळयांनी आवळलं, आणि ती तशीच राहिली. 2015 मध्ये इस्रायली पोलिसांनी धोक्यापोटी ती काही तास बंद केली, तेव्हा कुठे तिन्ही मोठे पंथ एकत्र बसले. 2017 च्या मार्चमध्ये काम पुरं होऊन तुळया निघाल्या.

दाराची व्यवस्थाही बघण्यासारखी आहे. किल्ली सांभाळतं जुदेह घराणं, दार उघडतं नुसैबेह घराणं. दोन्ही मुसलमान. पहाटे आतला साधू दारातल्या झडपेतून एक शिडी बाहेर सरकवतो, कारण वरच्या कुलपाला जमिनीवरून हात पोचत नाही. उन्हाळ्यात शहराची घड्याळं तासभर पुढं जातात, चर्चचं वेळापत्रक जात नाही.

शहराचा राजकीय दर्जाही असाच लोंबकळत आहे. 1947 च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावात यरुशलेम कुणाचंच नव्हतं, आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली राहणार होतं. ते घडलं नाही. 1949 मध्ये पश्चिम भाग इस्रायलकडे, पूर्व जॉर्डनकडे. 1967 मध्ये पूर्वही इस्रायलनं घेतला. 1980 मध्ये इस्रायलनं कायदा करून अखंड शहराला राजधानी ठरवलं, तो सुरक्षा परिषदेनं अमान्य केला. पॅलेस्टिनी पूर्व यरुशलेमला आपली राजधानी मानतात. अमेरिकेनं 2018 मध्ये दूतावास इथं हलवला. भारताचा तेल अवीवमध्येच आहे.

पण सगळ्यात नाजूक जागा आहे ती टेकडीवरची. मुसलमानांचं हरम अल-शरीफ, ज्यूंची मंदिराची टेकडी. 1967 च्या जूनमध्ये सैनिकांनी तिथल्या ‘डोम ऑफ द रॉक’च्या घुमटावर इस्रायली झेंडा चढवला, तो संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी उतरवायला लावला. आतला कारभार जॉर्डनच्या वक्फकडे राहिला. बाहेरची सुरक्षा आणि बिगरमुस्लिम जिथून आत जातात त्या मुघरबी दरवाजाची किल्ली इस्रायलकडे. नियम असा की बिगरमुस्लिमांनी यावं, बघावं, पण प्रार्थना करू नये. अलीकडे पोलिसांच्या देखत ज्यू प्रार्थना होतात, आणि वक्फची खरी तक्रार तीच आहे.

डागडुजीचं कोडं इथंही सुटत नाही. दक्षिणेची भिंत फुगली, तेव्हा ती कुणी बांधायची यावर वाद झाला. शेवटी काम जॉर्डनच्या अभियंत्यांनी केलं. 2004 मध्ये मुघरबी दरवाजाकडे जाणारा मातीचा चढ ढासळला. त्या जागी तात्पुरता लाकडी पूल आला. पक्का पूल बांधायची गोष्ट निघाली की जॉर्डन हरकत घेतं. 2011 मध्ये आगीच्या धोक्यामुळे तो काही दिवस बंद ठेवला, मग पुन्हा उघडला. पर्यटक त्या तात्पुरत्या फळ्यांवरूनच वर जातात.