गोजियानची तलवार आणि शेजारच्या भट्ट्या

डिसेंबर १९६५. चीनच्या हुबेई प्रांतात, जियांगलिंगजवळ एका जुन्या थडग्याचं उत्खनन चाललं होतं. लाकडी म्यानातून एक तलवार निघाली. अडीच हजार वर्षं जमिनीखाली राहूनही तिला जवळजवळ गंज नव्हता.

नीट पाहा. लांबी ५५.७ सेंटिमीटर. पात्यावर काळसर चौकटींची जाळी. मुठीपाशी एका बाजूला निळी काच, दुसऱ्या बाजूला फिरोजा. आणि सोन्यात जडवलेली आठ अक्षरं सांगतात, की युए राज्याचा राजा गोजियान याने ही स्वतःसाठी करवून घेतली. धातू काशाचा, मध्ये तांबं जास्त, म्हणून पातं चिवट. धारेकडे कथील जास्त, म्हणून धार कडक. काशाचं काम इतकं पुढे गेलेलं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

पुढे लोखंड आलं. चिनी भट्ट्या इतक्या तापत, की लोखंड वितळून ओतता येई. पण ओतीव लोखंड ठिसूळ; घणाखाली फुटतं. त्यातला कार्बन काढायचा, मग ठोकायचं, दुमडायचं, पुन्हा ठोकायचं. अकराव्या शतकात शेन कुओ या विद्वान अधिकाऱ्याने त्सझोऊच्या भट्टीवर हे काम पाहिलं. लोहार दर वेळी ठोकल्यावर लोखंडाचं वजन करत. वजन घटायचं थांबलं, की शुद्ध पोलाद तयार. तराजूवर पोलाद ओळखणारी ही माणसं मला फार मोठी वाटतात.

भारतात वाट निराळी होती. दक्षिणेत लोखंड आणि लाकूड-पाला बंद मुशीत घालून तापवत, आणि त्या पोलादाच्या वड्या इराणपर्यंत जात.

जपानकडे मात्र सुरुवातीची पाती चीन आणि कोरियातून आली. नाराजवळच्या तेन्री इथल्या एका थडग्यात सरळ पात्याची तलवार सापडली. तिच्यावर सोन्याच्या अक्षरांत चीनच्या हान दरबाराचं कालनाम आहे, इ.स. १८४ ते १८९ या वर्षांचं. जपानी लोहारांनी पुढे नदीतल्या लोहवाळूपासून स्वतःचं पोलाद काढलं. पात्याला मातीचा लेप द्यायचा, पाठीवर जाड, धारेवर पातळ. पाण्यात बुडवलं की धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ मऊच राहते, आणि पातं वाकून बाक घेतं.

मिंग घराण्याच्या काळात हीच पाती चीनला परत आली. पंधराव्या शतकात व्यापारातून, हजारोंच्या संख्येने. सोळाव्या शतकात किनारे लुटणाऱ्या चाच्यांच्या हातांत. लांब जपानी तलवारीपुढे मिंग सैनिकांची आखूड हत्यारं पोहोचत नव्हती. सेनापती छी जिगुआंगने १५६१ मध्ये शत्रूकडची तलवारबाजीची पोथी मिळवली, तिचा अभ्यास केला आणि आपल्या सैनिकांना तशीच लांब, दोन्ही हातांनी पेलायची तलवार शिकवली.