बिनदुखीची कावीळ आणि रोबोटचे हात

नमस्कार श्रोतेहो. रोबोटनं ऑपरेशन करायचं म्हटलं की पेशंटच्या घरचे हमखास विचारतात, "म्हणजे डॉक्टरसाहेब, तुम्ही हात लावणार नाही?" लावणार तर! रोबोट स्वतःहून सूतभरही हलत नाही. सर्जन त्याच थिएटरमध्ये कन्सोलपाशी बसतो आणि त्याची बोटं वळतील तशी पोटातली अवजारं वळतात. हाताची बारीक थरथर तेवढी यंत्र गाळून टाकतं.

स्वादुपिंडाला याचा उपयोग का, तर जागाच तशी अडचणीची. जठराच्या मागं, पाठीच्या कण्यावर आडवा पडलेला, साधारण 15 सेंटीमीटरचा हा अवयव. आतड्यांचं रक्त यकृताकडं नेणारी मोठी शीर त्याला अगदी खेटून जाते. त्याच्या उजवीकडच्या जाड टोकाला, म्हणजे स्वादुपिंडाच्या डोक्यात, कॅन्सरची गाठ असली तर व्हिपलचं ऑपरेशन करावं लागतं. न्यूयॉर्कच्या डॉ. अ‍ॅलन व्हिपल यांनी 1935 साली ते मांडलं. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनळीचा खालचा भाग काढायचा आणि उरलेलं पुन्हा जोडायचं. यातला स्वादुपिंडाचा जोड सगळ्यांत जिवावरचा. नळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची आणि अवयव कधीकधी लोण्यासारखा मऊ. टाका किंचित जास्त ओढला तरी चिरतो. जोड गळला की पाचक रस पोटात झिरपतो, शेजारच्या रक्तवाहिनीची भिंतसुद्धा कुरतडतो. दुर्बिणीच्या नेहमीच्या अवजारांना मनगट नसतं, रोबोटच्या अवजारांना असतं. शिवाय आतलं चित्र मोठं आणि खोलीसकट दिसतं. असा टाका घालताना हा फरक फार मोलाचा ठरतो.

पण छोटी छिद्रं म्हणजे छोटं ऑपरेशन, असं कृपा करून समजू नका. आत कापाकापी तेवढीच असते, वेळ बहुधा जास्तच लागतो. नेदरलँड्समध्ये दुर्बिणीच्या व्हिपलची उघड्या ऑपरेशनशी तुलना करणारी चाचणी मध्येच थांबवावी लागली. दुर्बिणीच्या 50 पेशंटपैकी 5 गुंतागुंतीनं दगावले, उघड्या ऑपरेशनच्या 49 पैकी 1. ती चाचणी रोबोटची नव्हती, हे खरं. तरीही नवं तंत्र हाती घेणाऱ्या प्रत्येक सर्जननं ती लक्षात ठेवलीच पाहिजे. स्वादुपिंडाच्या शेपटाकडच्या, म्हणजे डावीकडच्या टोकाच्या, गाठीचं ऑपरेशन त्या मानानं सुटसुटीत असतं. तिथं आतडं पुन्हा जोडायचं नसतं, आणि छोट्या छिद्रांतून केलं तर माणूस लवकर हिंडू-फिरू लागतो.

आता आपल्या कोल्हापूरचं बोलतो, कारण मला खरी कळकळ त्याची आहे. शिरोळ असो की भुदरगड, डोळे पिवळे झाले की आधी गावठी औषध, पथ्याचं जेवण, आणि "उतरेल की आठ-पंधरा दिवसांत!" पोटात दुखत नाही म्हणून घरचेही निवांत. अहो, न दुखणारी कावीळच जास्त काळजीची! स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ पित्तनळी दाबते, तेव्हा अशीच कावीळ होते. अंगाला खाज सुटते, लघवी गर्द होते, शौचाला पांढरट होते, वजन उतरतं. असं दिसलं तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा आणि गरज लागली तर सीटी स्कॅन. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या शंभरातल्या पंधरा-वीसच पेशंटची गाठ निदानाच्या वेळी काढण्याजोगी असते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका अधिक.

ऑपरेशन ठरलंच, तर सर्जनला बेधडक विचारा: वर्षाला अशी किती करता? जोड गळला तर रात्री-अपरात्री रक्तस्राव थांबवायची सोय इथं आहे का? उत्तरं नीट मिळाली तर रोबोट नसला तरी चालेल. रोबोट आहे पण उत्तरं नाहीत, तर दुसरा सल्ला घ्या. आणि जाताना सीटीचा नुसता कागद नेऊ नका, सीडीही न्या. गाठ त्या मोठ्या शिरेला चिकटली आहे की सुटी आहे, हे सर्जनला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं लागतं.