कुंभकर्ण, शॅनन आणि खोडी काढणारी यंत्रं

माइक चालू आहे ना? मागे येतंय ऐकू? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय 'घर, रोबो आणि कला : खेळकर डिझाइनचं शास्त्र'. त्यातला शास्त्र हा शब्द माझा नाही, तो आयोजकांनी परस्पर घातलाय. मी तीन भाग ठरवून आलोय, घर, रोबो आणि कला, प्रत्येकी पंधरा मिनिटं. पहिल्या रांगेत आमची ही बसलीये ती आत्ताच हसायला लागली, कारण तिला माहितीये हे असं होणार नाही.

टेबलावर ही लाकडी पेटी ठेवलीये, वर एक स्विच आहे, बाकी काही नाही. येता येता तिघाचौघांनी विचारलं हे काय आहे. शेवटी सांगतो. तोपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

तर क्लॉड शॅनन, अमेरिकेतला गणितज्ञ आणि इंजिनियर. इथे निम्मे तरी इंजिनियर दिसतायत, तेव्हा १९४८ चा तो पेपर, बिट, माहितीचा सिद्धांत वगैरे मी उगाळत बसत नाही. आज तुमच्या खिशातला फोन बोलतो तो त्या माणसाच्या गणितावर, एवढं पुरे. मला त्याचं गणित कमी कळतं, त्याचं तळघर जास्त आवडतं. १९५२ च्या उन्हाळ्यात बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, जिथे शॅनन होता, मार्विन मिन्स्की नावाचा एक तरुण आला होता, पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेतला मोठा माणूस झाला तो, त्याच्या डोक्यात एक कल्पना आली आणि शॅननने ती खरंच बनवून टेबलावर ठेवली. एक पेटी, तिला एक स्विच. तुम्ही स्विच चालू केला की झाकण उघडतं, आतून एक हात येतो, स्विच बंद करतो आणि परत आत जातो. झाकण बंद. संपलं. एवढंच करतं ते यंत्र.

आतली भानगड फार सोपी आहे. वरचा स्विच मोटरची दिशा ठरवतो. तुम्ही तो चालू केलात की मोटर हाताला बाहेर ढकलते, हात स्विचवर आपटला की पोलॅरिटी, म्हणजे विजेची दिशा, उलटी होते, मोटर उलटी फिरून हात आत नेते आणि आत शेवटाला एक लिमिट स्विच असतो, तो दाबला गेला की सगळं थंड. दोन स्विच, एक मोटर. मी दोनशे रुपयांच्या आत केलंय, लाकूड सोडून.

आर्थर क्लार्क, विज्ञानकथावाले, त्यांनी ते शॅननच्या टेबलावर पाहिलं आणि त्यांना ते भयंकर अमंगळ वाटलं, एक यंत्र जे काहीच करत नाही, फक्त स्वतःला बंद करतं. मला वाटतं क्लार्कसाहेबांच्या घरी दुपारी झोपणारं कुणी नसावं. आमच्या वडिलांना दुपारी दोन वाजता हाक मारली की ते एक डोळा उघडायचे, तुमच्याकडे बघायचे, कूस बदलायचे आणि परत घोरायला लागायचे. त्यात अमंगळ काय आहे? उलट आम्ही भावंडं मुद्दाम जाऊन हाक मारायचो.

आता यावरून कुंभकर्ण. ज्यांनी माझ्याकडून ऐकलाय त्यांनी पाच मिनिटं सहन करा. १९८७ साल, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्यात पेठेत राहायला. तेव्हा गणपतीत हलते देखावे म्हणजे काय असायचं ते इथल्या पन्नाशीच्या वरच्यांना सांगायला नको, रात्ररात्र लोक पायी फिरायचे, पोरं खांद्यावर घेऊन. आमच्या मंडळाने ठरवलं कुंभकर्णाला उठवायचं. चौदा फुटी कुंभकर्ण, आत लोखंडी सळयांचा सांगाडा, वर कागदाचा लगदा आणि कापड. राक्षस ढोल वाजवणार, हा उठून बसणार, जांभई देणार, परत झोपणार. यंत्र माझ्याकडे, कारण गल्लीत इंजिनियरिंगच्या जवळपास पोचलेला मी एकटाच.

जुन्या बाजारातून भंगारातल्या गाडीची वायपर मोटर आणली. वायपर मोटर हे हलत्या देखाव्याचं हृदय, ताकद भरपूर आणि तंगडं फिरवायचंच काम तिचं. स्पीड जास्त होता म्हणून सायकलचं छोटं चक्र मोटरला, मोठं चक्र कुंभकर्णाच्या कमरेमागे, मध्ये चेन, आणि १२ व्होल्टची मोटर ६ वर चालवायची. वायपरमध्ये एक गंमत असते, तुम्ही बटण बंद केलं तरी तो काचेच्या मध्येच थांबत नाही, खाली जाऊन निजतो, आत तसा एक कॉन्टॅक्ट असतो त्याला. ती युक्ती मी उचलली आणि मोठ्या चक्राशेजारी एक लिमिट स्विच बसवला, म्हणजे कुंभकर्ण एक फेरी करून आडवा झाला की आपोआप थांबणार, मग निवेदनाच्या कॅसेटमध्ये ढोल आले की मी पडद्यामागून घंटीचं बटण दाबायचं. आठ दिवस घड्याळासारखं चाललं. लोक यायचे, बघायचे, छान म्हणायचे, पुढच्या मंडळाकडे जायचे.

नवव्या रात्री साडेदहाला कुंभकर्णाच्या शालीचा दोरा सुटून लिमिट स्विचच्या पट्टीत गुंडाळला. पट्टी दबेचना. कुंभकर्ण उठला, झोपला, परत उठला, परत झोपला, परत उठला. कॅसेटमधला भारदस्त आवाज म्हणतोय 'आणि कुंभकर्ण पुन्हा गाढ निद्रेच्या अधीन झाला', आणि हा ताडकन उठून बसतोय. मी बटणाची वायर ओढली, काही नाही, कारण त्या क्षणी करंट बटणातून जातच नव्हता, त्या अडकलेल्या लिमिट स्विचमधून जात होता. तेवढ्यात एक कार्यकर्ता, त्याला वाटलं मोटर दमलीये म्हणून असं करतीये, त्याने ६ चं १२ केलं. झालं. चौदा फुटी राक्षस बैठका मारायला लागला, तालमीत मारतात तशा! गर्दी बघतीये, आधी शांतता आणि मग जो काही हशा. पुढच्या मंडळाकडे गेलेली माणसं परत आली. मी शेवटी मेन बंद केला तर पोरं पडद्याच्या आत घुसली आणि म्हणतात, दादा, परत! परत उठवा ना त्याला!

मग काय, उरलेल्या रात्री मी तो दोरा तसाच ठेवला. अध्यक्षांना सांगितलं दुरुस्तीला वेळ लागेल.

माझी तक्रार इथून सुरू होते. पुढच्या वर्षी मंडळाने तयार लायटिंग भाड्याने आणलं. का, तर 'बिघडत नाही'. अरे, बिघडलं म्हणून तर लोक थांबले! सदतीस-अडतीस वर्षं झाली, मी हे मंडळाच्या प्रत्येक अध्यक्षाला सांगून झालोय, आता जो आहे तो तेव्हा जन्मलाही नव्हता, त्यालाही सांगितलं. तो म्हणाला काका, एलईडी वॉल बुक झालीये.

हे मी एवढं लांबवलं कारण माझा सगळा सिद्धांत, असेल तो, त्या पोरांच्या 'परत'मध्ये आहे. एखादी वस्तू चांगली आहे का हे विचारायचे पुष्कळ मार्ग आहेत, टिकते का, स्वस्त आहे का, सोयीची आहे का. माझा एकच प्रश्न, ती खोडी काढते का? आणि खोडी म्हणजे त्रास नाही हं. त्रास दिला की माणूस लांब जातो, खोडी काढली की माणूस म्हणतो परत कर. आमच्या मुलाने घरात बोलून चालणारे दिवे बसवून दिलेत. मी म्हणतो दिवा लाव, ते म्हणतं कोणता दिवा, मी म्हणतो हॉलमधला, ते म्हणतं या नावाचं काही सापडलं नाही. याला मी त्रास म्हणतो. मी उठून बटण दाबतो आणि मनात म्हणतो यापेक्षा शॅननची पेटी बरी, तिला निदान हॉल कुठे आहे ते विचारायची हौस नाही.

आणि शॅननचं घर, बॉस्टनजवळ विंचेस्टरला तळ्याकाठी. त्याच्याबरोबर रुलेटवर, म्हणजे चाकावरच्या जुगारावर, मात करायचं खिशातलं यंत्र बनवणारा एडवर्ड थॉर्प तिथे जायचा, त्याने लिहून ठेवलंय. स्वयंपाकघरात एक यांत्रिक बोट होतं, त्याची केबल खाली तळघरातल्या लॅबपर्यंत. खालून केबल ओढली की वर बोट वाकायचं, इकडे ये म्हणून. आता शॅननसारख्या माणसाला, ज्याने जगाला संदेश कसे पाठवायचे ते शिकवलं, त्याला घरात घंटी बसवता आली नसती? आली असती. पण घंटी वाजली की आपण वैतागतो आणि बोट वाकलं की हसतो, निदान पहिले दहा वेळा. (इकडे पहिल्या रांगेतून नाही नाही अशी मान हलतीये. ठीके, पाच वेळा.) बाहेर उतारावर मोठ्या झाडाला पस्तीस एक फुटांचा झोका, वरच्या बाजूने सुरुवात करायची आणि उताराकडच्या टोकाला तुम्ही जमिनीपासून पंधरा-वीस फूट उंच. दोन बुंध्यांच्या मध्ये तार बांधलेली, तिच्यावर साहेब एकचाकी सायकल चालवणार. रोमन आकड्यांत गणित करणारा कॅल्क्युलेटर बनवला होता त्याने. रोमन आकड्यांत! म्हणजे कुणालाही कधीही लागणार नाही याची पक्की काळजी घेऊन.

त्याचा उंदीर तर रोबोंच्या भागात घेणार होतो, पण आता आलाच ओघात तर. १९५० चा, थीसियस नाव. लाकडी उंदीर, तांब्याच्या तारेच्या मिशा, पंचवीस चौकोनांचा भूलभुलैया. पहिल्यांदा ठेवला की धडपडत, भिंतींना मिशा लावत वाट शोधणार, दुसऱ्यांदा ठेवला की सरळ मुक्कामाला. पण डोकं उंदरात नव्हतंच. फरशीखाली चुंबक फिरत होतं आणि वाट लक्षात ठेवत होते टेलिफोनचे रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारे स्विच. हे वाचलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं काय सांगू. म्हणजे तोही पडद्यामागे बसून घंटीचं बटण दाबणाराच की. आणि लोक उंदराकडे बघत होते, रिलेकडे कोण बघतंय. आजच्या रोबोवाल्यांना हे कळत नाही असं नाही, पण ते चेहरा माणसासारखा करायच्या मागे लागतात आणि मग तो रोबो लग्नात आलेल्या अनोळखी नातेवाइकासारखा नुसता बघत उभा राहतो. लाकडी उंदराला चेहरा कुठे होता?

चिठ्ठी आलीये. दहा मिनिटं. म्हणजे घर, रोबो आणि कला दहा मिनिटांत. चला.

घर. टोकियोत मिताका म्हणून भाग आहे, तिथे २००५ मध्ये अराकावा आणि मॅडलिन गिन्स या नवराबायकोने नऊ फ्लॅटची इमारत बांधली. भडक रंग, उंचसखल जमीन, एक खोली चेंडूसारखी गोल, तिच्यात उभं राहायचं तर तोल सांभाळावा लागतो. कपाटं नाहीत, छताला हुक, सामान टांगा. इमारत हेलन केलरच्या स्मृतीला अर्पण केलीये. त्या दोघांचं म्हणणं असं की सोय माणसाला मारते, घराने सतत गडबडवलं तर शरीर जागं राहतं आणि माणूस मरतच नाही. अक्षरशः असं म्हणायचे ते. २०१० मध्ये अराकावा गेले, २०१४ मध्ये बाई गेल्या, तेव्हा तो मुद्दा सोडून देऊ. पण छताला हुक हे मला फार पटतं, आपल्या वाड्यात झोपाळ्याच्या कड्या तुळईला बांधतानाच बसवायचे, आत्ताच्या बिल्डरला कडी मागा, तो तुम्हाला स्लॅबची जाडी सांगतो. यावर मी वेगळं व्याख्यान देईन.

रोबो. हॉलंडचा थिओ यान्सन. १९९० पासून घरात वायरिंगला वापरतात त्या पिवळट प्लास्टिकच्या नळ्यांचे प्राणी करतोय, समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याने चालतात, मोटर नाही, काही नाही. पायाच्या कांड्यांच्या लांबीचे अकरा आकडे त्याने कॉम्प्युटरवर निवड करकरून काढले, त्या आकड्यांमुळे पाय फिरतो पण कंबर वरखाली होत नाही, चाकासारखी सरळ जाते. हे व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी फॅमिली ग्रुपवर बघितलेत, फॉरवर्डेड मेनी टाइम्स लिहून आलेले. नळीचा एक तुकडा आणलाय मी, नंतर बघा. आणि नळ्यांवरून आठवलं, आपल्याकडे अरविंद गुप्ता, आयआयटी कानपूरचा माणूस, काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे सांगाडे करायला शिकवले त्यांनी, त्रिकोण दाबला तर वाकत नाही आणि चौकोन लगेच कलंडतो, हे पोराच्या बोटाला कळतं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत कितीतरी वर्षं ते हेच करत होते. त्यांच्यावर खरं तर तासभर हवा.

कला. डॅनियल रोझिनचा लाकडी आरसा, १९९९. लाकडाचे ८३० चौकोनी तुकडे, प्रत्येकामागे मोटर, मध्ये लपवलेला कॅमेरा. तुम्ही समोर उभे राहिलात की तुकडे कमीजास्त कलतात, प्रकाश कमीजास्त पडतो आणि लाकडात तुम्ही दिसता, खडखड आवाज करत. लोक काय करतात? हात हलवतात. घरी काचेच्या आरशासमोर कुणी हात हलवतं का? आणि स्टॉकहोमचा पियानो जिना, २००९, मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांना सूर लावले, शेजारी सरकता जिना होता तरी लोक पायऱ्यांनी जायला लागले, नेहमीपेक्षा ६६ टक्के जास्त असं करणाऱ्यांनी सांगितलं. पण ती गाड्यांच्या कंपनीची जाहिरात होती आणि जिना थोडेच दिवस होता, तेव्हा मला त्याचं फार कौतुक नाही. रोज नऊच्या गर्दीत सा रे ग म तुडवत ऑफिसला जायचं म्हटलं तर महिन्याभराने लोकांनीच वायर कापली असती. पेटीचं तसं होत नाही. पेटी गप्प बसते, तुम्ही बोलावल्याशिवाय येत नाही.

झालं, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. आता पेटी. दोन पेन्सिल सेल नवे टाकलेत. एकेकाने या, लहान मुलं आधी, स्विच वर करा आणि बोट लगेच बाजूला घ्या. दाबून धरू नका, मागे एका वाचनालयात एका आजोबांनी ईर्षेने दाबून धरला, तेही सोडेनात आणि हातही सोडेना, शेवटी गिअरचे दात गेले. आजोबा जिंकले असं त्यांचं म्हणणं होतं.

या, कोण येतंय पहिलं?