करवंटीखालचे बिऱ्हाड

रात्रभर धावून आलेली कोकणकन्या सकाळी कुडाळ स्थानकात थांबते, तेव्हा उतरवलेल्या सामानात थर्माकोलची एक छोटी पेटी आहे. पेटीत प्लॅस्टिकची फुगवलेली पिशवी, पिशवीच्या तळाशी चार बोटे पाणी आणि त्या पाण्यात एकमेकांत गुंतून बसलेले आठ कूली लोच मासे. शिजलेल्या शेवयांचा गुंता असावा, तसा हा पुंजका दिसतो. जवळून पाहिले, तर प्रत्येकाच्या पिवळट अंगावर गडद तपकिरी पट्टे आहेत, तोंडाभोवती आखूड मिश्या आहेत आणि डोळे पारदर्शक कातडीने झाकलेले आहेत. आग्नेय आशियातल्या संथ ओढ्यांत, कुजत पडलेल्या पानांच्या थरात राहणाऱ्या कुळातले हे मासे मुंबईत कुर्ल्याच्या बाजारातून निघून आता सिंधुदुर्गातल्या एका घराच्या पडवीत मुक्कामाला येत आहेत.

त्यांच्यासाठी तीन फुटी टाकी दीड महिना आधीच पाणी भरून, फिल्टर चालू करून ठेवलेली आहे. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया जमतो. त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. टाकी आणली त्याच संध्याकाळी मासे सोडण्याची हौस आम्हीही एकदा भागवून घेतली होती आणि आठवडाभरात ती टाकी रिकामी झाली होती. लोच माशांचे खवले अतिशय बारीक आणि कातडीत रुतलेले असतात, त्यामुळे पाण्यातला दोष त्यांना इतर अनेक माशांच्या आधी बाधतो.

तळाला काय घालावे, हा प्रश्न कोकणात वरवर सोपा वाटतो, कारण वाळू दारातच असते. पण किनाऱ्यावरच्या पुळणीत शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो. तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाणी कठीण करत जातो. कूली लोच मात्र मृदू, किंचित आम्लधर्मी पाण्यातला मासा आहे. वाटीत चिमूटभर वाळू घ्यावी आणि वर व्हिनेगरचे चार थेंब सोडावेत. बुडबुडे फसफसले, की ती वाळू टाकीसाठी बाद समजावी. इथे वापरलेली वाळू नदीची, बारीक आणि गोलसर कणांची आहे. तांदूळ धुवावेत तशी ती बादलीत, वरचे पाणी नितळ होईपर्यंत धुतली आहे. लोच तोंडाने वाळू उचलतो, तिच्यातले खाद्य टिपतो आणि उरलेले कण कल्ल्यांतून बाहेर सोडतो. टोकदार खडीवर हेच करताना त्याच्या मिश्या झिजतात. शोभेसाठी जांभ्याचे तुकडे टाकण्याचा मोह इथे अनेकांना होतो, पण त्यांच्या खरखरीत कडांना या माशाचे उघडे अंग घासते, म्हणून ते बाहेरच बरे.

लपायची जागा मात्र परसातूनच मिळाली आहे. सुक्या नारळाच्या करवंट्या, आतले खोबरे आणि बाहेरचा काथ्या पूर्ण खरवडून, दोन-तीनदा पाणी बदलून उकळल्या आहेत. प्रत्येकीच्या कडेला बोटभर रुंद खाच पाडून ती पॉलिश पेपरने गुळगुळीत केली आहे. सोबत देशी बदामाची गळून तपकिरी झालेली दोन पाने धुऊन टाकली आहेत. त्यांचा अर्क उतरून पाण्याला कोऱ्या चहासारखी फिकट झाक येते, आणि या माशाच्या मूळ ओढ्यांचे पाणीही पुष्कळदा असेच असते.

पाणी विहिरीचे आहे, पण विहिरीचे म्हणून ते निर्धोक, असे मात्र समजू नये. पावसाळ्यात गावच्या विहिरींत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर टाकली जाते, आणि त्या दिवशी काढलेले पाणी थेट टाकीत ओतले, तर त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले आणि फिल्टरमधले जिवाणू या दोघांनाही मारक ठरतो. त्यामुळे या घरात टाकीचे पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून, एअर पंप लावून मुरवले जाते आणि शंका असेल तेव्हा त्यात क्लोरीन घालवणारे औषधही टाकले जाते.

आता पिशवीकडे वळू. सगळ्या खटाटोपात घाई आणि दिरंगाई या दोन्ही गोष्टी नडतात, त्या इथेच. बंद पिशवीत माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी आम्लधर्मी होते. त्या आम्लतेमुळे प्रवासात जमलेला अमोनिया फारसा विषारी नसलेल्या रूपात राहतो. पिशवी उघडली, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आम्लता उतरते आणि तोच अमोनिया विषारी रूपात येतो. म्हणून बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर 15 ते 20 मिनिटे तरंगत ठेवून आधी फक्त तापमान जुळवावे, आणि एकदा उघडल्यावर मात्र वेळ काढू नये. मुंबईचे तलावांचे पाणी आणि इथल्या जांभ्यातल्या विहिरीचे पाणी, दोन्ही मृदूच असल्याने तासभर थेंब थेंब पाणी मिसळत बसण्याची गरज इथे पडत नाही. टाकीतले कपभर पाणी दोन-तीनदा पिशवीत मिसळावे आणि दहा मिनिटांच्या आत मासे टाकीत सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

मासे उचलण्यासाठी जाळी नव्हे, तर प्लॅस्टिकचा पेला घेतला आहे. लोचच्या डोळ्याखाली एक बारीक काटा असतो. घाबरला, की तो हा काटा उभारतो आणि काटा जाळीत अडकतो. सोडवण्याच्या खटपटीत डोळ्यालाच इजा होऊ शकते.

बांगडा ताजा आहे की नाही, हे कल्ला उचलून क्षणात सांगणाऱ्या या मुलखात माशाकडे नुसते बघत बसणे लोकांना जरा विचित्र वाटते. त्यातही पैसे मोजून आणलेला मासा दिसतच नाही, म्हटल्यावर शेजारी हसतात. पहिल्या दिवशी दिवा लावलेला नाही आणि खायलाही घातलेले नाही. आठही मासे करवंट्यांखाली शिरले आहेत. त्यांना पाहण्यासाठी करवंटी उचलली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दुसऱ्या रात्रीपासून, घरातले दिवे मालवल्यावर, तळाशी बुडणाऱ्या दोन-तीन गोळ्या आणि गोठवलेले थोडे ब्लडवर्म, म्हणजे खाद्य म्हणून मिळणाऱ्या लाल अळ्या, टाकले जातात. दिवसा टाकले, तर याच टाकीत वरच्या पाण्यात फिरणारे गप्पी मासे ते तळाला पोचूच देत नाहीत. कूली लोच सहापेक्षा कमी संख्येने आणले, तर ते कोपरा सोडत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

पहिले तीन आठवडे पांढऱ्या ठिपक्यांवर नजर ठेवावी लागते. रव्याच्या कणासारखे ठिपके अंगावर दिसले, की चमचाभर खडे मीठ टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो, पण लोचना मीठ फारसे मानवत नाही, आणि तांबे असलेली औषधे तर त्याहूनही नाही. तापमान हळूहळू 30 अंशांपर्यंत नेणे, हवा वाढवणे आणि औषध लागलेच तर निम्म्या मात्रेने सुरू करणे, हा जास्त सुरक्षित मार्ग आहे.

झेब्रा लोच आणा, असेही दुकानात सुचवले गेले होते. झेब्रा लोच म्हणजे बोटिया स्ट्रायाटा. 1920 साली हे शास्त्रीय नाव मिळालेला हा मासा पश्चिम घाटाबाहेर कुठेही आढळत नाही आणि आता तो संकटग्रस्त मानला जातो. घाटमाथ्यावरच्या थंड, वाहत्या पाण्याची सवय असलेल्या या माशाला मे महिन्यातली कुडाळची पडवी सोसणार नाही, म्हणून तो बेत सोडून दिला.

रात्री साडेदहा वाजता, मंद टॉर्च भिंतीकडे वळवून मोजणी होते. पाचव्या रात्री चार मासे बाहेर दिसले, नवव्या रात्री सात. आठवा बाराव्या दिवशीही दिसला नाही. टाकीचे झाकण घट्ट होते, जमिनीवर काही सापडले नव्हते. शेवटी स्पंज पिळण्यासाठी आतला फिल्टर उघडला, तेव्हा डब्याच्या तळाशी, गाळात, तो अंगाचे वेटोळे करून पडलेला होता. फिल्टरच्या तोंडाला बांधायची जाळी आम्ही दुसऱ्या दिवशी बांधली होती; पहिल्याच रात्री तो आत शिरला असणार. पेल्यात घेतला, तेव्हा त्याचे पोट बाकीच्या सातांपेक्षा जास्त भरलेले होते.