धारेवर तोललेला टोनआर्म

[दृश्य: भिंगाखाली नायलॉनचा छोटा ठोकळा]

पडद्यावर दिसणाऱ्या या ठोकळ्याला खालच्या अंगाला दोन कडा आहेत. रेकॉर्ड वाजत असताना टोनआर्म, म्हणजे सुई धरून रेकॉर्डवर फिरणारा दांडा, वर-खाली होतो तो या दोन कडांवर, तराजूची दांडी तोलली जावी तसा. डावीकडची कड अजून शाबूत आहे. उजवीकडची मात्र दीर्घ वापराने मधोमध चेपली आहे. उघड्या डोळ्यांना हा दोष दिसत नाही, आणि म्हणूनच टोनआर्म ‘जुना झाला’ असे म्हणून तो बदलायला लोक निघतात.

[दृश्य: कार्यशाळा, टेबलावर गॅरार्ड ३०१]

पुण्यातल्या या छोट्या कार्यशाळेत आलेले हे टर्नटेबल गॅरार्ड ३०१ आहे. इंग्लंडमधल्या स्विंडन येथे पन्नासच्या दशकात तयार होऊ लागलेले हे यंत्र टोनआर्मशिवाय विकले जात असे. मोटर, प्लॅटर (रेकॉर्ड जिच्यावर फिरते ती थाळी) आणि वेगाची कळ एवढेच हाती पडे. त्यावर कोणता आर्म बसवायचा, याची निवड घेणाऱ्याने करायची. या यंत्रावर सत्तरच्या दशकातला ‘एसएमई ३००९ सीरिज २ इम्प्रूव्ह्ड’ हा नऊ इंची आर्म आहे. मालकांनी अलीकडे त्याला डेनॉन डीएल-१०३ हे कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला आणि तिच्या कंपनांचा विद्युतसंकेत करणारा भाग, लावले, आणि तेव्हापासून एलपीच्या शेवटच्या गाण्यात, म्हणजे सुई आतल्या खाचांत पोहोचल्यावर, ‘स’ आणि ‘श’ फुटू लागले. नवा आर्म बसवून द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती.

[दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले तीन आर्म]

टेबलावर सध्या तीन आर्म आहेत. पहिला त्यांचा स्वतःचा. दुसरा रेगा कंपनीचा. एकाच ओतीव ॲल्युमिनियमच्या नळीचा आर्म ही या कंपनीने १९८३च्या आरबी ३०० पासून रूढ केलेली रचना. तिसरा बारा इंची, आणि छायाचित्रांत तोच सर्वांत देखणा दिसतो.

बारा इंची आर्मचा मोह समजण्यासारखा आहे. रेकॉर्डची मूळ तबकडी कापणारे यंत्र परिघाकडून केंद्राकडे सरळ रेषेत सरकते. एका टोकाला खिळलेला टोनआर्म मात्र कमानीत फिरतो. त्यामुळे सुई खाचेशी तंतोतंत समांतर अशी फक्त दोन ठिकाणी असते, आणि इतरत्र थोडा कोन पडतो. हा कोन आणि त्यातून येणारी विकृती कमीत कमी कशी ठेवावी, याचे गणित लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये आणि बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये मांडले, आणि आजही आर्म बसवताना बहुतेक जण तेच आकडे वापरतात. आर्म लांब केला की कमान सपाट होते आणि कोनाची चूक घटते, हे खरे. पण लांबीबरोबर वजन वाढते, जुळणीतली लहानशी चूकही महाग पडते, आणि या टर्नटेबलच्या लाकडी प्लिंथवर, म्हणजे बैठकीवर, बारा इंची आर्मला जागाच नाही. रेगा बसू शकेल, परंतु त्याचा मध्य प्लॅटरच्या मध्यापासून २२२ मिलिमीटरवर यावा लागतो. सध्याचे भोक एसएमईच्या लांबट साच्याप्रमाणे कापलेले असल्याने आर्मबोर्ड, म्हणजे आर्म ज्यावर बसतो ती फळी, नव्याने करावा लागेल. लाकूड एकदा कापले की मागे फिरता येत नाही.

या कामाचे कारागीर मालकांना एवढेच म्हणाले, “काका, बदलायचा तर बदलू, पण आधी हाच नीट करून ऐका.”

[दृश्य: आर्म उघडताना हातांचे जवळून चित्रण]

इथून पुढे जे दिसते, ते आम्हांला सर्वाधिक महत्त्वाचे वाटले. मागचे वजन काढल्यावर त्याच्या आधाराचे रबर दिसते. ते इतके मऊ पडले आहे की वजन खाली झुकून बसले होते. आडव्या हालचालीसाठी या आर्ममध्ये बॉल बेअरिंग आहेत, आणि ती निर्दोष निघाली. उभ्या हालचालीचा भार सांभाळणारा ठोकळा बाहेर काढून त्या जागी काशाचा, अचूक घासलेला नवा ठोकळा बसवला जात आहे. त्याची धार दोन्ही बाजूंना सारखी टेकली आहे की नाही, हे पाहण्यासाठी आर्म पूर्ण तोलात आणून त्यावर हलकीशी फुंकर मारतात. पूर्वी तो एका जागी अडखळून थांबत होता. आता तो बराच वेळ सावकाश झुलत राहतो.

लाल, पांढरी, हिरवी आणि निळी अशा चार केसासारख्या तारा आर्मच्या नळीतून जातात. डीएल-१०३चा संकेत ०.३ मिलिव्होल्ट इतका क्षीण असल्याने जुन्या तारांचा सैल सांधा किंवा अर्थिंगमधला दोष लगेच ‘हम’ म्हणून ऐकू येतो. तारा एका दुपारी बदलल्या. महागड्या केबलींबद्दलची चर्चा या चित्रपटात आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही.

[दृश्य: स्टेनिंग येथे बनलेल्या जुन्या आर्मचे तपशील; बारीक मण्यांचा फवारा मारून मंद केलेला धातू]

हा आर्म इतका सहज उघडतो, त्यामागे त्याच्या जन्माची कथा आहे. अलास्टेर रॉबर्टसन-एकमन यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेली ‘स्केल मॉडेल इक्विपमेंट’ (एसएमई) ही कंपनी आधी लघुप्रतिकृती आणि अचूक यंत्रभाग बनवत असे. स्वतःच्या संगीतासाठी मनाजोगा आर्म मिळेना, म्हणून त्यांनी तो आपल्याच कारखान्यात घडवला, आणि १९५९ मध्ये ३०१२ हा बारा इंची आर्म बाजारात आला. ससेक्समधल्या स्टेनिंग गावी बनलेल्या या आर्ममध्ये कार्ट्रिज हेडशेलमध्ये, म्हणजे ते धरणाऱ्या आर्मच्या पुढच्या तुकड्यात, पुढे-मागे सरकवावे लागत नाही. संपूर्ण आर्मच आपल्या तळपट्टीवर सरकतो. पडद्यावर हा तळ एकेका मिलिमीटरने सरकताना दिसतो. यंत्राच्या अचूकतेची सवय असलेल्या माणसाने संगीताचे साधन बनवले की ते असे दिसते. ही कंपनी २०१६ पासून पुण्याचे उद्योजक अजय शिर्के यांच्या केडन्स समूहाकडे आहे, आणि पुढे गॅरार्ड हे नावही त्याच छत्राखाली आले. डिसेंबर २०१९ मध्ये एसएमईने सुटे आर्म विकणे थांबवले. २०२० मध्ये जपानची, शंभर वर्षे जुनी जेल्को ही आर्म बनवणारी कंपनी बंद झाली. जुन्या आर्मच्या किमती त्यानंतर चढल्या.

[दृश्य: हेडशेल काट्यावर; कागदावर आकडेमोड]

आता जुळणीचा प्रश्न. आर्मच्या हलणाऱ्या भागाचे सुईपाशी जाणवणारे वस्तुमान, म्हणजे इफेक्टिव्ह मास, आणि कार्ट्रिजच्या सुईधारकाची लवचिकता, म्हणजे कम्प्लायन्स, या दोहोंतून आर्मची एक नैसर्गिक कंपनसंख्या ठरते. ती ८ ते १२ हर्ट्‌झच्या दरम्यान असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. त्याखाली गेल्यास वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे आणि पायांची धमक आर्मला हलवते. वर गेल्यास ती संगीताच्या खर्जाकडे सरकते. हिशेब असा: एकूण वस्तुमान ग्रॅममध्ये घ्यावे, त्याला कम्प्लायन्सने गुणावे, गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि त्याने १५९ला भागावे.

डीएल-१०३चे वजन ८.५ ग्रॅम आहे. कंपनी त्याची लवचिकता १०० हर्ट्‌झला ५ (मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटन) देते. १० हर्ट्‌झला ती साधारण दुप्पट, म्हणजे १० धरण्याची प्रथा आहे. या आर्मचे इफेक्टिव्ह मास सुमारे ९.५ ग्रॅम, स्क्रूचे अर्धा ग्रॅम, बेरीज १८.५. उत्तर येते ११.७ हर्ट्‌झ, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. मूळच्या जाळीदार, हलक्या हेडशेलच्या जागी पाच ग्रॅमने अधिक जड हेडशेल लावले की उत्तर १०.४वर येते. हेडशेल सुईपाशीच असल्याने त्याचा जवळजवळ प्रत्येक ग्रॅम पूर्ण मोजला जातो, म्हणून आर्म ‘अपग्रेड’ करण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरला. अर्थात, त्याबरोबर मागचे वजनही वाढवावे लागले.

[दृश्य: आरशाच्या मोजपट्टीवर सुई टेकते]

नव्या हेडशेलला लांबट खाचा असल्यामुळे कार्ट्रिज किंचित वळवताही येते. केंद्रापासून ६६ मिलिमीटर आणि १२०.९ मिलिमीटर या दोन बिंदूंवर कार्ट्रिजच्या कडा आरशावर आखलेल्या रेघांशी समांतर येईपर्यंत कारागीर तळ सरकवतात, कार्ट्रिज वळवतात, स्क्रू आवळतात आणि पुन्हा पहिल्या बिंदूवर जातात. हा क्रम कितीदा झाला, हे आम्ही मोजले नाही. संकलनात तो थोडक्यात दाखवला आहे. आर्मच्या कडेचे सरकते वजन हलक्या कार्ट्रिजसाठी आखलेले असल्याने सुईवरचा २.५ ग्रॅमचा भार मागच्या वजनावरून, डिजिटल काट्यावर पाहून ठेवला. नळी रेकॉर्डशी समांतर येण्यासाठी खांब खाली घेतला, आणि दोऱ्याला टांगलेले अँटिस्केटिंगचे, म्हणजे आर्मची केंद्राकडची ओढ तोलणारे, चिमुकले वजन शेवटी लटकवले.

[दृश्य: टेस्ट रेकॉर्ड, कार्ट्रिज डोळ्यांना दिसेल असे थरथरते]

टेस्ट रेकॉर्डवर कंपनसंख्या उतरत जाते, आणि दहाच्या आसपास कार्ट्रिज थरथरताना कॅमेऱ्याने टिपले आहे. कागदावरच्या आकड्याशी हे जुळते.

[दृश्य: मालक ऐकत आहेत, मूळ ध्वनी]

आतल्या खाचांतले ‘स’ आता फुटत नाहीत.

[दृश्य: जुने हेडशेल डबीत ठेवताना]

जुने हलके हेडशेल मात्र टाकून दिलेले नाही. उद्या याच आर्मवर लवचिक सुईधारकाचे कार्ट्रिज लावायचे झाले, उदाहरणार्थ ७.२ ग्रॅम वजनाचे आणि २० कम्प्लायन्सचे ऑर्टोफॉन २एम ब्लू, तर जड हेडशेलवर कंपनसंख्या साडेसातपर्यंत घसरेल आणि हलक्यावर ती ८.६ राहील. म्हणून डबीवर कारागिरांनी दोन्ही आकडे लिहून ठेवले आहेत. रेगाचा आर्म दुसऱ्या एका टर्नटेबलसाठी राखला गेला आहे, जिथे आर्मबोर्ड मुळातच कोरा आहे.