पोकळी घडवणारी भट्टी

(पांढऱ्या चकतीवर गढूळ पाणी ओतलं जातंय. खालून थेंब पडतोय, नितळ.)

ही चकती चिनी मातीची. भाजलेली, पण झिलई न दिलेली. हाताला टणक लागते, तरी तिच्या आकारमानाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, निव्वळ पोकळी असतो. गाळण्याचं काम ही पोकळी करते. माती फक्त तिला धरून ठेवते.

अशी गाळणी नवी नाही. १८८४ साली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी बिनझिलईच्या पोर्सलिनची नळी घेऊन पाण्यातले जिवाणू अडवले. पुढे १८९२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ दिमित्री इवानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस अशाच नळीतून गाळला, तर गाळलेला रसही निरोगी रोपांना रोग लावत होता. विषाणूंच्या अभ्यासाची सुरुवात झाली ती गाळणीला जे अडवता आलं नाही त्यातून!

(पुडी तोलल्या जातायत. चाळणी हलतेय.)

मिश्रणात प्रत्येक पुडीचं काम ठरलेलं. चिनी माती आकार देते. गारगोटीची पूड भाजतानाचं आकसणं आवरते. फेल्डस्पार नावाचा खनिज दगड तापून मऊ होतो आणि कणांना एकमेकांशी जखडतो. आणि चुनखडी? ती बरीचशी नाहीशी होण्यासाठीच घातलेली असते.

सगळं चाळून, किंचित ओलवून साच्यात दाबलं की चकती तयार. नळी हवी असेल तर लगदा तोंडातून रेटून काढतात. मग वाळवण, आणि तेही सावकाश, कारण वरचा थर आधी सुकून आकसला तर तडा गेलाच.

(भट्टीचं दार बंद होतं. तापमानाचा आकडा चढू लागतो.)

खरी घडण आता. शंभर अंशांच्या आसपास उरलेला ओलावा जातो. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या स्फटिकात बांधलेलं पाणी सुटतं. शुद्ध केओलिनचं, म्हणजे चिनी मातीचं, जवळपास १४ टक्के वजन इथेच घटतं. ५७३ अंशांना गारगोटीच्या स्फटिकाची रचना एकदम बदलते आणि ती फुगते. निवताना त्याच अंशावर पुन्हा आकसते. म्हणून या टप्प्यावर घाई नको, ना चढताना ना उतरताना.

सातशेच्या पुढे चुनखडी फुटू लागते. शंभर ग्रॅममधले ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात, आणि मागे मोकळी जागा राहते. उरलेला चुना मातीतल्या सिलिका-अ‍ॅल्युमिनाशी (सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांशी) जुळून नवी खनिजं बनवतो. तो सुटा राहिला तर पुढे पाणी लागताच फुगतो आणि चकती आतून फोडतो.

इथून पुढे ओढाताण आहे. उष्णता वाढवावी तशी कणांमधली सांधणी जाड होते, चकती मजबूत होते. पण बारीक छिद्रं बुजतात, आणि अति झालं तर वितळलेली काच सगळ्याच वाटा बंद करते. मजबुती आणि पोकळी, दोन्ही पुरेशा मिळतील असा पट्टा अरुंद असतो. तरी मातीला शुद्ध अ‍ॅल्युमिनापेक्षा बरीच कमी उष्णता पुरते. अ‍ॅल्युमिनाच्या भट्ट्या दीड हजार अंशांपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातात.

(भिजलेली चकती. वर पाण्याचा थर. खालून हवेचा दाब वाढतोय.)

छिद्रांची सरासरी सांगणं सोपं, पण सरासरीवर विसंबू नये. जिवाणू सरासरीतून जात नाही, तो सगळ्यात मोठ्या भोकातून जातो. म्हणून ही साधी चाचणी मला जास्त विश्वासाची वाटते: पहिला बुडबुडा सर्वांत मोठ्या छिद्रातून निघतो. छिद्र एक मायक्रॉनचं (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं) असेल तर त्याला जवळपास तीन बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे तिप्पट) दाब लागतो, दोन मायक्रॉनचं असेल तर निम्मा.

मग सगळी छिद्रं बारीकच का ठेवू नयेत? कारण एकूण पोकळी तेवढीच ठेवून छिद्राचा व्यास निम्मा केला, की पाण्याचा प्रवाह चौथ्या हिश्शावर येतो. त्यावरचा तोडगा म्हणजे खाली जाड, भरड आधार आणि वर बारीक कणांचा पातळ थर.

वापरात गाळ साचतोच. उलट दिशेने पाणी सोडून तो काढता येतो, आणि सेंद्रिय मळ जाळताही येतो. प्लॅस्टिकच्या गाळणपडद्याला ती आच सोसत नाही. आम्लाने धुण्याआधी मात्र त्याच घाण्यातली एक चकती आम्लात ठेवून, धुऊन, वाळवून तोलतात. वजन लक्षात येण्याइतकं घटलं, तर चुना नीट मुरलेला नाही. मग पुढच्या घाण्यात चुनखडी कमी करायची, किंवा भट्टी थोडी वर न्यायची.