रात्री दोन वाजता शोधलेलं उत्तर

तपासणीला आलेली गरोदर बाई खुर्चीत टेकते आणि आधी फोन पुढे करते. “डॉक्टर, हे वाचलंय. खरं का?” पूर्वी मला याचा राग यायचा. आता बरं वाटतं. कारण बऱ्याच जणी दाखवतच नाहीत. वाचलेलं मनात ठेवतात, एखादी गोळी परस्पर बंद करतात, आणि आम्हाला पत्ताही नसतो.

त्या शोधतात यात नवल काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितलं, की गरोदरपणात निदान ८ वेळा तपासणी व्हावी. प्रश्न मात्र रोज पडतात. इंटरनेट बायकांना घाबरवतं, असं आपण नेहमी म्हणतो. घाबरलेली बाई निदान फोन करते, दवाखान्यात येते. मला जास्त काळजी वाटते ती इंटरनेट ज्यांना धीर देतं त्यांची.

डोळ्यांसमोर आणा. आठवा महिना. संध्याकाळपासून बाळ फारसं हललेलं नाही. रात्रीचे दोन वाजलेत, घर झोपलंय. कशाला कुणाला उठवायचं, म्हणून ती अंधारात टाइप करते: ‘बाळाची हालचाल कमी’. उत्तर सापडतं, शेवटी शेवटी पोटात जागा उरत नाही, म्हणून बाळ कमी हलतं. तिला हायसं वाटतं. कूस बदलून ती झोपते.

मंडळी, ते उत्तर चूक आहे. दिवस भरत येतात तशी हालचालीची तऱ्हा बदलते, लाथांपेक्षा वळणं, सरकणं जास्त जाणवतं. पण हालचाल कमी होणं हे बाळाला प्राणवायू कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. काही जणी पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवणारं डॉपलर यंत्र घरी आणून ठेवतात. ठोका ऐकू आला की निर्धास्त. तो ठोका आईच्याच रक्तवाहिनीचा असू शकतो, आणि बाळाचा असला तरी बाळ सुखरूप आहे असं त्यावरून ठरत नाही. अशा वेळी हातातल्या फोनवरून दवाखान्याला फोन लावा. त्याच रात्री, सकाळची वाट न बघता. तुम्हाला कुणीही हसणार नाही.

वाचताना तारीख जरूर बघा. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या विसाव्या आठवड्यापासून टाळा, असं अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये बजावलं. त्याआधी हीच सूचना तिसाव्या आठवड्यापासून होती. जुन्या पानांवर अजून तेच सापडेल. मात्र डॉक्टरांनी दिलेली कमी डोसची अ‍ॅस्पिरिन यात धरू नका, काहीबाही वाचून ती बंद करू नका.

आणि माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, “काय काय वाचलंत?” हे आपणच विचारायला हवं. मागे एका बाईने अकरा प्रश्न लिहून आणले होते. बाहेर गर्दी होती, पाचव्या प्रश्नाला मी घड्याळाकडे बघितलं. नववा प्रश्न होता, रात्री तळहात-तळपाय खूप खाजतात, पुरळ नाही, कोरड्या त्वचेने होतं असं वाचलं, तर कोणतं क्रीम लावू? मी लगेच तिचं रक्त तपासायला पाठवलं. कोलेस्टेसिस निघालं, म्हणजे यकृतातून पित्त नीट वाहत नव्हतं. अशा वेळी बाळावर फार बारीक लक्ष ठेवावं लागतं. तेव्हापासून कितीही गर्दी असली तरी मी यादी शेवटपर्यंत वाचते.